तेलाच्या खांबांवरचा ट्रक

पिलांवर पंख पसरून जमिनीला पोट टेकवून बसलेली कोंबडी तुम्ही पाहिली असेल. तशीच रस्त्याला जवळजवळ टेकून बसलेली एक छोटी मालमोटार डोळ्यांपुढे आणा. मागची चाके चिखलपट्ट्यांत निम्मी बुडाली आहेत. चालक आत बसतो आणि हातातल्या पेटीवरची एक कळ दाबतो. घुर्र् असा आवाज होतो आणि ट्रकचा मागचा भाग वीत-सव्वा वीत वर उचलला जातो. दुसरी कळ दाबली की डावी बाजू खाली बसते, उजवी वरच राहते. माल भरलेला नाही, उतरवलेला नाही, जॅक कुठे दिसत नाही. मग हे उचलले कोणी?

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात असे ट्रक आणि अशा मोटारी अनेक वर्षे रस्त्यावर दिसत आल्या आहेत. तेथील मेक्सिकन वंशाच्या अमेरिकन तरुणांना गाडी ठेंगणी करून, रंगवून, सावकाश मिरवत नेण्याची हौस. दुसऱ्या महायुद्धानंतर ही हौस वाढली आणि तिच्या मागोमाग कायदाही आला. १९५० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियाच्या वाहन संहितेत एक कलम घातले गेले. चाकाच्या लोखंडी रिमचा जो सर्वांत खालचा बिंदू, त्याच्याही खाली गाडीचा कोणताही भाग येईल असा बदल करून गाडी रस्त्यावर आणणे गुन्हा ठरला. एका अर्थी हे शहाणपणाचेच होते. टायर फुटला की गाडी रिमवर येते. त्या वेळी तिचे पोट रस्त्याला घासू नये. पण ज्यांनी स्प्रिंगा कापून गाड्या कायमच्या ठेंगण्या केल्या होत्या, त्यांची पंचाईत झाली. पोलीस दिसला म्हणून स्प्रिंग पुन्हा लांब कशी करणार?

याचे उत्तर भंगारात सापडले. युद्धातल्या विमानांचे सुटे भाग अमेरिकेत स्वस्तात विकले जात होते. विमानाची चाके पोटात ओढून घेणे वगैरे कामे करणारे तेलाचे पंप, झडपा आणि नळकांडी त्यांत होती. दक्षिण कॅलिफोर्नियातील रॉन अगिरे या तरुणाने १९५९ च्या सुमारास असे भाग आपल्या १९५७ सालच्या कॉर्व्हेट मोटारीला जोडले. कळ दाबली की मोटार कायद्याच्या उंचीवर, पुन्हा दाबली की मनाच्या उंचीवर! ‘एक्स-सॉनिक’ या नावाने ती मोटार प्रसिद्ध झाली आणि इतरांनी तिचा कित्ता गिरवला. पुढे छोट्या ट्रकांची पाळी आली. ट्रकची गंमत अशी की, त्याचे मागचे टोक मोटारीपेक्षा निराळे असते आणि तेथे हे नळकांडे बसवणे हा खरा कसोटीचा प्रश्न आहे. आज आपण तोच पाहू.

आधी नळकांड्याची ओळख करून घेऊ. कारागीर त्याला सिलिंडर म्हणतात. पण स्वयंपाकघरातला गॅसचा लाल सिलिंडर डोळ्यांपुढे आणू नका. ही एक जाड पोलादी नळी. तिच्या एका टोकाशी तेल आत येण्याचे भोक, आत गुळगुळीत दट्ट्या, आणि दट्ट्याला जोडलेला चकचकीत दांडा दुसऱ्या टोकातून बाहेर आलेला. तेल आत ढकलले की दांडा बाहेर सरकतो. दांडा जेथून बाहेर येतो तेथे तेल गळू नये म्हणून रबरी कडे बसवलेले असते. गॅरेजमध्ये त्याला ऑइल सील म्हणतात. या कड्याचे नाव लक्षात ठेवा, त्याच्यावर पुढे संकट येणार आहे.

या यंत्राच्या मुळाशी फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल याचा नियम आहे. बंदिस्त द्रवाला दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हे सांगणारा त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६३ साली छापला गेला. १७९५ मध्ये इंग्लंडच्या जोसेफ ब्रामाने याच तत्त्वावर दाबयंत्राचे पेटंट घेतले. आपल्या ट्रकला आता आकडे लावू. समजा, चाके आणि आस यांचे वजन सोडून ट्रकच्या मागच्या भागाचा भार ६०० कि.ग्रॅ. आहे आणि तो दोन नळकांड्यांनी पेलायचा आहे. प्रत्येकाच्या वाट्याला ३०० कि.ग्रॅ. आले. दट्ट्याचा व्यास ४ सें.मी. धरला तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे १२.६ चौ. सें.मी. भरते. ३०० ला १२.६ ने भागा. दर चौ. सें.मी.ला सुमारे २४ कि.ग्रॅ. एवढाच दाब पुरतो! हवेच्या दाबाच्या जेमतेम चोवीस पट. तेलाच्या साध्या पंपाला हे मुळीच जड नाही.

म्हणजे ट्रक उचलणे सोपे. मग अवघड काय?

त्यासाठी एक प्रयोग करा. औषधांच्या दुकानातून सुईशिवाय दोन नव्या सिरिंजा आणा, पाण्याने भरा आणि सलाइनच्या नळीच्या तुकड्याने जोडा. एकीचा दट्ट्या दाबला की दुसरीचा वर येतो. वर येणाऱ्या दट्ट्यावर एखादे लहानसे पुस्तक आडवे तोलून धरा. ते अलगद उचलले जाईल. आता त्याच दट्ट्याच्या टोकाला बोटाने बाजूला रेटा आणि तसेच रेटून धरून पुन्हा उचलायचा प्रयत्न करा. दट्ट्या अडकेल, करकरेल, कदाचित रबराच्या कडेतून पाणीही झिरपेल. सिरिंजेतला दाब कमी झाला का? नाही. द्रव आपले काम करतोच आहे, पण दट्ट्याला फक्त सरळ रेषेत चालता येते. बाजूने लावलेला जोर त्याला सोसत नाही. ट्रकच्या नळकांड्याचेही नेमके असेच आहे. बसवणाऱ्याची सगळी विद्या एकाच गोष्टीत आहे: नळकांड्यावर जोर यावा तो त्याच्या लांबीच्याच दिशेने, तिरपा कधीही येऊ नये.

हे साधणे कठीण का, ते ट्रकच्या खाली वाकून पाहिले की कळते. (ट्रक बंद असेल आणि चालकाची परवानगी असेल तरच वाका!) बहुतेक ट्रकांना मागे पाटे असतात, म्हणजे धनुष्यासारख्या वाकवलेल्या पोलादी पट्ट्यांची चळत. पाट्याची दोन टोके चासीला अडकवलेली आणि मधोमध यू-बोल्टने आस आवळलेला. पाहणाऱ्याला वाटते, पाट्याचे काम धक्के सोसण्याचे. खरे तर हा पाटा एकाच पगारात तीन नोकऱ्या करतो. तो भार पेलतो, धक्का सोसतो आणि शिवाय आसाला जागच्या जागी धरून ठेवतो. आस पुढेमागे सरकू नये, डावीउजवीकडे घसरू नये, आणि चाके फिरू लागली की आसाचे घर उलट दिशेला पिळू पाहते ते पिळू नये, हे सारे पाटाच पाहतो.

नवशिका कारागीर पाटा काढून तेथे नळकांडे ठेवतो आणि ट्रक उचलून दाखवतो. अंगणात सगळे ठीक दिसते. रस्त्यावर पहिला ब्रेक लागला की चाके थांबतात, ट्रकचे धड पुढे जाऊ पाहते, आणि या ओढाताणीत मध्ये सापडतो तो बिचारा दांडा. पाट्याच्या तीन नोकऱ्यांपैकी नळकांडे एकच करू शकते, भार पेलण्याची. उरलेल्या दोन कामांसाठी वेगळी माणसे नेमावी लागतात.

आसाला धरून ठेवण्यासाठी चार पोलादी बाहू लावतात. त्यांची एकेक टोके चासीला आणि एकेक आसाला, खिळीभोवती फिरतील अशी जोडतात. दोन बाहू आसाच्या खालच्या बाजूला गाडीच्या लांबीच्या दिशेने असतात, दोन वरच्या बाजूला. वर-खाली अशी जोडी असल्यामुळे आसाचे घर पिळवटत नाही. वरचे दोन बाहू सरळ न ठेवता इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखे तिरपे ठेवले की आस बाजूला घसरायचाही थांबतो. आता आसाला एकच मोकळीक उरली, वर-खाली होण्याची. तेवढेच नळकांड्याला हवे होते.

पण थांबा. खिळीभोवती फिरणाऱ्या बाहूचे टोक सरळ वर-खाली जात नाही, ते वर्तुळाच्या कंसावरून जाते. घड्याळाचा काटा तीनवरून चारकडे निघाला की खाली तर येतोच, पण आतही सरकतो, तसेच हे. समजा बाहूची लांबी ६० सें.मी. आहे आणि ट्रक खाली बसलेला असताना बाहू आडवा आहे. आता ट्रकचा मागचा भाग २५ सें.मी. उचलला. पायथागोरसला विचारा: ६० चा वर्ग ३६००, त्यातून २५ चा वर्ग ६२५ वजा केला, २९७५ राहिले, त्याचे वर्गमूळ सुमारे ५४.५. म्हणजे आस साडेपाच सें.मी. पुढे सरकला! नळकांडे तिरपे झाले ते झालेच, पण इंजिनाची शक्ती मागे नेणारा लांब शाफ्टही साडेपाच सें.मी.ने आखडावा लागणार. त्याच्या सरकत्या सांध्यात तेवढी जागा नसेल तर काहीतरी वाकणार किंवा फुटणार.

उपाय फार सुंदर आहे आणि त्याला एक पैसाही जास्त लागत नाही. बाहू आडवा असण्याची वेळ बदलायची. ट्रक अर्धा उचललेला असताना बाहू आडवा राहील, अशी खिळीची उंची ठरवायची. मग बाहू साडेबारा सें.मी. एका अंगाला आणि साडेबारा दुसऱ्या अंगाला जातो. पुन्हा गणित करा: ३६०० मधून १५६ गेले, ३४४४ राहिले, वर्गमूळ सुमारे ५८.७. आस सरकला तो फक्त १.३ सें.मी. तीच लांबी, तेवढीच उचल, पण सरकणे चौथाईवर आले. बाहू ९० सें.मी.चा केला तर आणखी कमी होईल. ते उत्तर तुम्हीच काढा.

सरकणे कमी झाले, नाहीसे झाले नाही. शिवाय डावी बाजू वर आणि उजवी खाली हा खेळ आहेच. दोन नळकांड्यांत १ मीटर अंतर असेल आणि एक पूर्ण २५ सें.मी. बाहेर, दुसरे पूर्ण आत असेल, तर चासीच्या मानाने आस सुमारे १४ अंशांनी कलतो. नळकांड्याची दोन्ही टोके वेल्डिंग करून पक्की केली तर हे १४ अंश जाणार कुठे? दांडा वाकेल, नाहीतर वेल्डिंगला तडा जाईल. आणि दांडा किंचित जरी वाकला तरी तो त्या रबरी कड्याच्या एकाच बाजूला घासू लागतो. कडे एका बाजूने झिजते आणि तेल गळू लागते. मालक नवे कडे घालतो, महिन्याने ते पुन्हा गळते. तो कडे बनवणाऱ्याला दोष देतो. दोष बहुधा नळकांडे बसवणाऱ्याचा असतो.

म्हणून टोकांना सांधे हवेत. शरीरशास्त्राच्या पुस्तकात तुम्ही दोन प्रकारचे सांधे शिकला आहात. कोपराचा सांधा बिजागरीचा, तो एकाच पातळीत वळतो. खांद्याचा सांधा उखळीचा, तो कोणत्याही दिशेला फिरतो. ट्रकच्या नळकांड्याला निदान एका टोकाशी तरी खांद्यासारखा सांधा लागतो. त्यासाठी पोलादी गोळा आणि त्याला साजेशी खोलगट वाटी असे साधन वापरतात. बाजूचा रेटा आला की गोळा वाटीत फिरतो आणि दांड्याला फक्त सरळ जोर मिळतो. सिरिंजेच्या दट्ट्यावर तुम्ही पुस्तक मोकळे ठेवले होते, चिकटवले नव्हते, हे आठवा.

नळकांडे तिरपे बसवले तर? पुष्कळदा जागेअभावी बसवावे लागते. सरळ उभ्या रेषेशी ३० अंशांनी तिरपे असेल तर त्याच्या जोराचे सुमारे ८७ शतांशच वर उचलण्याच्या कामी येतात. ३०० कि.ग्रॅ. भारासाठी त्याला सुमारे ३४६ कि.ग्रॅ. जोर लावावा लागतो आणि वर १७३ कि.ग्रॅ. आडवा रेटा बाहूंच्या माथी बसतो. चालते, पण फुकटचा बोजा आहे. कोणी नळकांडे आसावर न ठेवता बाहूच्या मधोमध ठेवतात. ही तरफेची युक्ती. दांडा २५ सें.मी. बाहेर आला की ट्रक ५० सें.मी. वर जातो, मात्र नळकांड्याला दुप्पट जोर लागतो आणि तेलाचा दाब २४ वरून ४८ वर जातो. पंपाला हे सहज जमते. बाहूला जमेल का, हा प्रश्न मात्र विचारावा, कारण साधा ओढ सोसणारा बाहू आता मधून वाकू लागतो.

जागेचाही एक पेच आहे आणि मला तो सर्वांत गमतीचा वाटतो. ज्या नळकांड्याचा दांडा २५ सें.मी. बाहेर यायचा, ते मिटलेले असतानाही २५ सें.मी.पेक्षा लांबच असणार. टोकांचे सांधे धरून हातभर म्हणा. आणि ट्रक पूर्ण खाली बसतो तेव्हा आस आणि चासी यांच्यात उरतात जेमतेम चार बोटे! हातभर वस्तू चार बोटांच्या जागेत मावणार कशी? मावत नाहीच. म्हणून माल ठेवायच्या हौद्याच्या तळाला भोके पाडून नळकांडी वर काढतात आणि चासीवर पोलादी कमान उभारून तिला त्यांची वरची टोके जोडतात. अशा ट्रकचा हौदा उघडून पाहिला तर चकचकीत खांब उभे दिसतात ते यामुळे. मालाला जागा उरत नाही, पण माल न्यायचा असतो कुणाला?

ही कमान शोभेची नाही. आस वर यायला जागा हवी म्हणून चासीच्या तुळईला नेमका आसाच्या वरच अर्धगोल खाचा घेतलेला असतो. पूर्वी पाट्याची दोन टोके भार दोन ठिकाणी वाटून देत होती. आता सगळा भार एकाच ठिकाणी येतो, आणि ते ठिकाण नेमके कापलेले! म्हणून खाच जाड पत्र्याने भरभक्कम करून, डाव्या-उजव्या तुळयांना जोडणारी कमान घालून मगच नळकांडे टांगायचे.

पाट्याची दुसरी नोकरी, धक्का सोसण्याची, अजून रिकामीच आहे. तेल ते काम करू शकत नाही, कारण तेल दबत नाही. दर चौ. सें.मी.ला १०० कि.ग्रॅ. दाब दिला तरी त्याचे आकारमान शेकड्यामागे एकानेही घटत नाही. (नळीत हवा राहिली तर ती दबते आणि ट्रक डुगडुगतो, म्हणून आधी हवा काढून टाकतात.) ट्रकचा मागचा भाग १० सें.मी. उंचीवरून आदळला असे समजा. स्प्रिंग असेल आणि ती ५ सें.मी. दबून थांबली, तर सरासरी जोर वजनाच्या (१०+५)÷५, म्हणजे तिप्पट येतो. स्प्रिंगच नसेल आणि केवळ टायर वगैरे मिळून १ सें.मी. दबले, तर (१०+१)÷१, म्हणजे अकरापट! ३०० कि.ग्रॅ.च्या जागी ३,३०० कि.ग्रॅ. म्हणून नळकांड्याच्या जोडीला, त्याच्या टोकाशी, गुंडाळीची जाड स्प्रिंग घालतात. दुसरा मार्ग फ्रान्सच्या सिट्रॉएन कंपनीने दाखवला. तिने १९५४ साली एका मोटारीच्या फक्त मागच्या चाकांना आणि १९५५ साली ‘डीएस’ मोटारीच्या चारही चाकांना तेलाची नळकांडी दिली, पण तेलाला नायट्रोजन वायू भरलेल्या पोलादी गोळ्यांशी जोडले. तेल दबत नाही, वायू दबतो. स्प्रिंगचे काम वायूने केले.

विजेचे थोडक्यात सांगतो. ६०० कि.ग्रॅ. भार २५ सें.मी. एका सेकंदात उचलायला दर सेकंदाला १५० कि.ग्रॅ.-मीटर काम लागते, म्हणजे दोन अश्वशक्ती, सुमारे १,५०० वॅट. १२ व्होल्टच्या एका बॅटरीतून ही शक्ती घ्यायची तर १२५ अँपिअर प्रवाह हवा, आणि घर्षणात वाया जाणारे वेगळेच. चार बॅटऱ्या एकापुढे एक जोडून ४८ व्होल्ट केले की प्रवाह चौथाईवर येतो आणि त्याच तारांत होणारी उष्णता सोळाव्या हिश्श्यावर. ट्रक खाली आणायला मात्र वीज जवळजवळ लागतच नाही. झडप उघडली की ट्रकच्या वजनानेच तेल टाकीत परत जाते.

यातच धोकाही आहे. झडप चुकून उघडली किंवा नळी फाटली तर ट्रक क्षणात खाली येतो. नुसत्या तेलावर उचललेल्या गाडीखाली कसबी कारागीर कधीही शिरत नाहीत. आधी पोलादी घोडी लावतात. दाबातल्या तेलाची बारीक चिळकांडी सुईसारखी कातडीत घुसू शकते, म्हणून गळती हाताने चाचपायची नसते. आणि दांडा शेवटापर्यंत बाहेर येऊन निसटू नये म्हणून आसाला एक साखळी बांधलेली असते. ती दांड्याच्या आधी ताणली जाते.

ज्या कलमापायी हा सारा खटाटोप सुरू झाला, ते कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये कायदा करून रद्द केले. १ जानेवारी २०२४ पासून ते अस्तित्वात नाही. नळकांडी मात्र गेली नाहीत. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार कंपनीने ठरवलेल्या रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, तेव्हा घरच्या गाडीवर हा प्रयोग नको.

पण नळकांडे बघायला कॅलिफोर्नियाला जायला नको. गावात रस्त्याचे काम निघाले की जेसीबी येतो, खडी टाकायला टिप्पर येतो. सुरक्षित अंतरावर उभे राहून टिप्परचे खोके वर जाताना पाहा. नळकांड्याचे खालचे टोक खिळीभोवती हळूहळू वळत असते, आणि खोके पूर्ण उभे राहीपर्यंत ते सुरुवातीपेक्षा बरेच कललेले असते. किती अंशांनी, ते कंपासपेटीतला कोनमापक डोळ्यांसमोर धरून मोजता येते का पाहा. जेसीबीच्या हाताला किती नळकांडी आहेत आणि त्यांच्या टोकांशी सांधे बिजागरीचे आहेत की उखळीचे, तेही मोजून ठेवा.